एकटी डांबीस ठणठणीत

१

तिसरं करडू सकाळी सहाला मेलं आणि मला बोलावणं आलं नऊ वाजता. आमच्याकडे नेहमीचंच आहे हे, वरातीमागून घोडं.

मी जनावरांच्या दवाखान्यात शेण आणि लेंड्या तपासतो. अठ्ठावीस वर्षं झाली. लोक मला लेंडीपंडित म्हणतात. पाठीमागे नाही, तोंडावर म्हणतात, आणि मीही ओ देतो. डॉक्टरीणबाई आठवडाभरासाठी प्रशिक्षणाला गेल्या होत्या. त्यामुळे सूक्ष्मदर्शकाची पेटी स्कूटरला बांधून मलाच निघावं लागलं. माझे गुडघे काय म्हणाले ते इथे लिहीत नाही.

गोठा दोघी बहिणींचा. दोघींनी पन्नाशी ओलांडलेली, दोघी आईवडिलांच्याच घरात राहिलेल्या. तीस शेळ्या, दुधाचा धंदा, चोख काम. एक थोरली, एक धाकटी. चार महिन्यांपासून दोघींमध्ये अबोला. एका छपराखाली राहून अबोला पाळणं सोपं नसतं, पण या दोघींनी ते शिस्तीत बसवलं होतं. सकाळचा गोठा धाकटीचा, संध्याकाळचा थोरलीचा. अगदीच काही सांगायचं झालं तर शेळीला सांगायचं. "शेळीबाई, पेंड संपली म्हणावं." दुसरी ऐकायची आणि पेंड आणायची.

दारात त्यांचे मामा उभे होते. पंचाहत्तरीचे, हातात काठी. डोकं शाबूत आहे, पण धीर अजिबात नाही.

"पंडित, आत जाऊन बघा आणि काय ते एकदा सांगून टाका," ते म्हणाले. "चार वाजता टेम्पो येतोय. धाकटी अर्ध्या शेळ्या घेऊन कायमची चालली. म्हणते, ताई विष घालते. आता या वयात दोघी दोन टोकांना राहणार. माझ्या बहिणीने यासाठी घर बांधलं होतं का?"

करडांच्या कप्प्यात गेलो. होती चौदा, मेली तीन. चार जण आडवी पडलेली, मान पाठीकडे ताणलेली, तोंड आढ्याकडे. सगळी मिळून वर काहीतरी बघतायत असं वाटत होतं. एकाच्या डोळ्यासमोर हात हलवला, पापणी लवली नाही. डोळा स्वच्छ, पण दिसत काहीच नव्हतं. तोंडाला फेस नव्हता, अंगात ताप नव्हता. बाकी सहा भिंतीला डोकं टेकून गप्प उभी.

आणि चौदावं? ते लाकडांच्या ढिगावर चढून माझ्या पेटीचा पट्टा चघळत होतं.

"ती डांबीस," मागून आवाज आला. धाकटी होती. तिने पदराआडून एक तपकिरी बाटली काढली आणि माझ्या हातात ठेवली. बाटलीला लेबल नव्हतं.

"चाऱ्याच्या पेटीखाली सापडली," ती म्हणाली. "ताईच्या बाजूला."

२

धाकटी मुद्द्याचं बोलणारी बाई. मी विचारलं तेवढंच सांगितलं.

"महिन्यापूर्वी करडांना रक्ती हगवण लागली. डॉक्टरीणबाईंनी लेंड्या तपासल्या, म्हणजे तुम्हीच तपासल्यात."

तपासल्या होत्या. आतड्यात घुसणाऱ्या त्या बारीक परजीवीची गोल गोल अंडी नुसती खच्चून भरली होती. लहान करडांना ही बाधा चटकन मारते.

"औषध दिलं त्यांनी. पाच दिवस पूर्ण डोस. सहाव्या दिवशी फोन करून सांगितलं, आता रोज सकाळी निम्मा, तीन आठवडे. रोज पाजते मी. एक दिवस चुकवला नाही. हगवण तर आठवड्यात थांबली."

"मग हे कधी सुरू झालं?"

"चार दिवस झाले. आधी खाणं सोडलं, मग भिंतीला डोकं लावून उभी राहायला लागली. परवा एक गेलं, काल एक, आज एक."

"औषध कुठे ठेवता?"

"माझ्या खोलीत. गोठ्यात ऊन येतं. दुसरी बाटली फळीवर आहे, ती अजून फोडलीच नाही."

फळीवर बघितलं. सीलबंद बाटली होती, धूळ बसलेली. लेबल वाचलं. मला लेबलं वाचायची खोड आहे, बायको म्हणते हा माणूस मिठाची पुडीही वाचतो. शेवटच्या ओळीत बारीक अक्षरात लिहिलं होतं: सांगितलेल्या मात्रेपेक्षा जास्त देऊ नये.

"पाजता कसं ते दाखवा."

तिने सुई नसलेली सिरिंज उजव्या हातात घेतली आणि जीभ टाळ्याला लावून एक आवाज काढला. डांबीस ढिगावरून उडी मारून थेट तिच्या पायांत. धाकटीने तिला पाठीमागून गुडघ्यांत धरलं, डाव्या हाताने जबडा उचलला आणि सिरिंजचं टोक ओठांच्या उजव्या कोपऱ्यातून आत सरकवलं. सगळं दोन सेकंदांत. ओठाच्या त्या कोपऱ्यात बारीकशी खपली धरली होती. रोज एकाच जागी टोक घासलं की धरतेच.

"बरी येते हो तुमच्याकडे."

"माझ्याकडेच येते. आई गेली तिची, मी बाटलीवर वाढवली. म्हातारी शेळी होती आमची. व्याली आणि आजारी पडली. मी म्हटलं डॉक्टर बोलवू. ताई म्हणाली, काही नको, शेकते आणि काढा देते. दोन दिवस काढे दिले. तिसऱ्या दिवशी म्हातारी गेली. मी म्हटलं, तूच मारलीस तिला."

"आणि तेव्हापासून..."

"तेव्हापासून," ती म्हणाली, आणि सिरिंज धुवायला निघून गेली.

३

मामांनी दुसरा संशयित आधीच ठरवून ठेवला होता. शेजारचा रोपवाला. त्याची रोपवाटिका गोठ्याच्या कुंपणाला लागून, आणि गेल्या महिन्यात तीन शेळ्यांनी कुंपण ओलांडून त्याची दोनशे रोपं फस्त केली होती. तेव्हा तो ओरडला होता, "एक दिवस बघतोच तुमच्या शेळ्यांकडे." चार माणसांनी ऐकलं होतं.

"बघतोच म्हणालो, खरं आहे," रोपवाला म्हणाला. तो कुंड्या भरत होता आणि मला बसायलाही एक कुंडीच पालथी घालून दिली. "रागात माणूस काय काय बोलतो. मी तर बायकोलाही रोज बघतोच म्हणतो."

"फवारणी कधी केली होती?"

"दीड महिना झाला. आणि पंडित, रोपं खाल्ली मोठ्या शेळ्यांनी. करडं तर कप्प्याच्या बाहेरच येत नाहीत. मोठी एकही आजारी नाही. विष माझं असतं तर आधी खाणारी मेली असती ना?"

मुद्दा बिनतोड होता. मी कुंडीवरून उठलो. चोर सोडून संन्याशाला फाशी देण्यात मला रस नव्हता. तो मागून म्हणाला, "एक सांगू? थोरल्या बाई रोज संध्याकाळी करडांपाशी रडतात. कुंपणातून ऐकू येतं."

थोरली स्वयंपाकघरात होती. मी न विचारताच तिने चहा ओतला आणि डाव्या हाताने कप पुढे केला. डोळे सुजलेले.

"ही बाटली तुमची?" मी तपकिरी बाटली टेबलावर ठेवली.

तिने बाटलीकडे बघितलं आणि नजर खिडकीकडे वळवली. "माझी."

"काय आहे त्यात?"

"ते मी सांगणार नाही."

"बाई, चार वाजता टेम्पो येतोय. आत चार करडं आज नाही तर उद्या मरणार आहेत, आणखी सहा मागे लागतील. सगळं जग म्हणतंय बाटलीत विष आहे."

"म्हणू दे. मी करडांचं वाईट केलेलं नाही. पण काय केलं ते तिला कळायला नको. ती म्हणेल, बघा, पुन्हा स्वतःच्या मनाने काहीतरी देत बसली. एकदा ऐकलंय ते. पुन्हा ऐकवणार नाही मला."

"डांबीसचं काय? तिला काही झालं नाही."

तेव्हा मात्र तिचा चेहरा हलला. "तिच्याजवळ जात नाही मी. लाथा मारते. आणि खरं सांगू का, मारायलाच हवं तिने. तिची आई माझ्यामुळे गेली. तिला धरायला माझा हात धजत नाही." तिने चहाचं पातेलं घासायला घेतलं, ते आधीच घासलेलं होतं. यापुढे तिच्या तोंडाला कुलूप.

अकरा वाजले होते.

४

मी ओसरीवर दुकान मांडलं. लेंड्या कुस्करायच्या, दाट मिठाच्या पाण्यात कालवायच्या, नळीत काठोकाठ भरायचं, वर काचेचा तुकडा ठेवायचा आणि वीस मिनिटं हात बांधून बसायचं. अंडी हलकी, ती तरंगत काचेला येऊन चिकटतात. मामांना वीस मिनिटं हा शब्द माहीत नव्हता. त्यांनी चार वेळा विचारलं, झालं का.

पहिली काच मान ताणलेल्या करडाची. डावीकडून उजवीकडे, वरून खाली, सगळी बघितली. एकही अंडं नाही. दुसऱ्याची, तिसऱ्याची, भिंतीला टेकलेल्यांची. शून्य. मग डांबीसची काच लावली. सहा अंडी. गोल, गुळगुळीत, निवांत.

"म्हणजे?" मामा म्हणाले.

"म्हणजे जिच्या पोटात रोग थोडा शिल्लक आहे ती लाकडांवर नाचतेय, आणि ज्यांच्या पोटात रोगाचं नावही नाही ती मरायला टेकलीत."

"हे उलटं झालं."

"उलटंच झालंय. आपण सकाळपासून विचारतोय, करडं का मरतायत. खरा प्रश्न आहे, डांबीस का मरत नाही."

अठ्ठावीस वर्षं मी या काचा बघतोय. निम्म्या डोसवर ठेवलेल्या करडांच्या लेंडीत थोडी अंडी दिसतातच, दिसायलाच हवीत. औषध रोगाला दाबतं, करडाचं अंग स्वतः लढायला शिकतं. दहा करडांत झाडून शून्य? असं शून्य मी कधी बघितलं नव्हतं. ही करडं कमी औषधाने आजारी पडलेली नव्हती.

उठलो, कप्प्यात गेलो, एकेकाचा ओठ उलटून बघितला. पहिल्याला उजव्या कोपऱ्यात खपली. डाव्या कोपऱ्यातही खपली. दुसऱ्याला दोन्हीकडे. दहाच्या दहा जणांना दोन्हीकडे. मग डांबीसला धरलं, तिने माझ्या नडगीवर एक लाथ ठेवून दिली, पण ओठ बघितलाच. उजवीकडे खपली. डावा कोपरा कोरा करकरीत.

मी तसाच लंगडत ओसरीवर आलो, फळीवरची सीलबंद बाटली फोडली, एका बशीत थेंब टाकला. शेजारी तपकिरी बाटलीतला थेंब. रंग तोच, वासही तोच.

"मामा," मी म्हटलं, "दोघींना इथे बोलवा. एकाच बाकावर बसवा."

"बसणार नाहीत."

"मग मधे तुम्ही बसा."

५

मामा मधे बसले. एकीकडे थोरली, एकीकडे धाकटी, दोघींची तोंडं दोन दिशांना.

"या गोठ्यात विष कुणीच घातलेलं नाही," मी म्हटलं. "तपकिरी बाटलीत हगवणीचंच औषध आहे. फळीवरच्या बाटलीत आहे तेच."

धाकटीची मान वळली.

"धाकट्या बाई सकाळी पाजतात. उजव्या हाताने, म्हणून उजव्या कोपऱ्यात खपली. डाव्या कोपऱ्यातली खपली डावखुऱ्या माणसाची. या घरात डावखुरं एकच आहे, सकाळी त्यांनीच मला चहा दिला. फक्त डांबीसच्या वाट्याला दुसरा डोस गेला नाही, कारण तिला त्या हात लावत नाहीत. म्हणून ती एकटी ठणठणीत. थोरल्या बाई, किती पाजत होता?"

मग थोरली हळू आवाजात म्हणाली, "डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी ओट्यावर पडली होती. त्यात लिहिलं होतं तेवढं. रोज संध्याकाळी. तीन आठवडे झाले."

"चिठ्ठी पहिल्या पाच दिवसांची होती. निम्मा करा हे फोनवर सांगितलं, धाकट्या बाईंच्या फोनवर. म्हणजे एकीचा निम्मा, एकीचा पूर्ण. हवं त्याच्या तिप्पट, तीन आठवडे. अति तिथे माती."

"पण ही पाजतच नव्हती," थोरली मामांना म्हणाली. "फळीवरची बाटली रोज बघायचे मी. सील तसंच. म्हटलं, म्हातारीच्या वेळी मी औषध दिलं नाही, ती गेली. आता ही रागाने देत नाहीये तर निदान मी तरी देते. दुकानातून तेच औषध आणलं आणि जुन्या बाटलीत ओतून ठेवलं, हिला दिसू नये म्हणून."

मी त्यांना तिथेच सोडलं आणि डॉक्टरीणबाईंना फोन लावला. लेंड्या, मान, न लवणारी पापणी, तिप्पट डोस, सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "हे औषध त्या परजीवीला बी-वन जीवनसत्त्व मिळू देत नाही, म्हणून तो मरतो. फार झालं की करडाचंही तुटतं, आणि मेंदू सुजतो. औषध ताबडतोब बंद. माझ्या कपाटात बी-वनची इंजेक्शनं आहेत, आणून द्या. मात्रा लिहून घ्या. तीन-तीन तासांनी. आडवी पडलेली सगळी वाचतील असं नाही."

स्कूटर इतकी जोरात मी लग्नाच्या दिवशीही चालवली नव्हती. एक वाजता दहाही करडांना पहिली सुई दिली. कुणीतरी धरायला हवं होतं. एकीने पुढचे पाय धरले, एकीने मागचे. बोलणं नाहीच.

अडीच वाजता आडव्यांपैकी एक गेलं. आधीच फार ताणलेलं होतं ते. थोरलीने त्याच्या अंगावर पोतं टाकलं आणि तोंडाला पदर लावून भिंतीकडे वळली. धाकटी तिच्याकडे बघत राहिली.

साडेतीनच्या सुमारास भिंतीला टेकलेल्यांपैकी एकाने डोकं सोडवलं आणि पाण्याच्या घमेल्यात तोंड घातलं. मग दुसऱ्याने. आडव्यांपैकी एक पुढच्या पायांवर उठलं, पडलं, पुन्हा उठलं. मी त्याच्या डोळ्यासमोर हात हलवला. पापणी लवली. अठ्ठावीस वर्षं लेंड्या बघून जे मिळालं नव्हतं ते त्या पापणीने दिलं, हे कबूल करायला मला लाज वाटत नाही.

बरोबर चारला फाटकात टेम्पो वाजला.

मामा काठी टेकत उठले. "काय सांगू त्याला?"

मग थोरली बोलली, आणि या वेळी मामांना नाही, शेळीलाही नाही. ती धाकटीकडे तोंड करून म्हणाली, "पाजत होतीस तर सांगितलं का नाहीस?"

"तू विचारलंस कधी?"

"विचारलं होतं. पहिल्याच आठवड्यात. दूध काढताना शेळीला विचारलं होतं, शेळीबाई, करडांना औषध पाजतं का गं कुणी? तू दाराआड होतीस. चपला दिसत होत्या तुझ्या."

धाकटी खाली बघायला लागली. मला वाटलं नाकारेल. ती म्हणाली, "होते. ऐकलं होतं मी. हो म्हणायचं होतं. म्हटलं, मला विचार की सरळ. शेळी देईल उत्तर, मी कशाला देऊ. एक हो म्हटलं असतं तर चारही जगली असती."

"माझंही चुकलं," थोरली म्हणाली.

"तुझं तर चुकलंच. बाटलीला लेबल कोण लावत नाही?"

"आणि औषध खोलीत कोण लपवतं?"

"लपवलं नव्हतं, ऊन लागतं म्हणून ठेवलं होतं."

"मग ऊन लागतं असं शेळीला तरी सांगायचं."

चार महिन्यांचं तुंबलेलं सगळं बाहेर पडायला लागलं, आणि मधे बसायला आता मामांना जागाच नव्हती. ते फाटकाकडे गेले आणि टेम्पोवाल्याला म्हणाले की बाबा, तुझा फेरा फुकट गेला, चहा पिऊन जा. मी सूक्ष्मदर्शक पुसून पेटीत ठेवला. दुसरी सुई अजून द्यायची होती.

सुया देऊन झाल्यावर थोरली कप्प्यात तशीच उभी राहिली. डांबीस लाकडांवरून तिच्याकडे बघत होती.

"हिला धरू का मी?" तिने विचारलं.

"लाथ मारेल," धाकटी म्हणाली.

"मारू दे."

थोरली पुढे झाली, डावा हात लांब केला, आणि डांबीसने मारली.